नवे स्पीकर ‘खुलेपर्यंत’ थांबायचं की मुदतीत परत करायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही स्पीकरची नवी जोडी आणलीत. पहिल्याच संध्याकाळी ट्रेबल कानाला टोचला आणि बेस पोकळ वाटला. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘अजून कोरे आहेत, २०० तास वाजू द्या, मग बघा कसे खुलतात.’ परत करायची मुदत आहे १४ दिवसांची आणि तुमचं ऐकणं रोज तीन-चार तासांचं. त्या हिशेबाने २०० तास भरायला जवळजवळ दोन महिने लागतील आणि तोवर मुदत कधीच उलटलेली असेल. म्हणून तुम्ही विचारताय की हे ब्रेक-इन प्रकरण, म्हणजे नवा स्पीकर वाजून वाजून रुळणं, मुळात खरं असतं का, आणि असेल तर रात्रभर पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला, धबधब्यासारखा सलग आवाज) लावून तास भरून काढावेत का. जाता जाता नव्या हेडफोनबद्दलही तेच विचारलंय.

मी वीसेक वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय, बांधतोय आणि मोजतोय. माझ्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ‘स्पीकर वाजून वाजून बदलतो का’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, बदलतो. पण तुमची अडचण ती नाही. तुम्हाला आज जे खटकतंय ते या बदलाने जाणार आहे का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच निघतं. ते का, हे कळण्यासाठी स्पीकरच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग. त्याचा कोन, म्हणजे हलून आवाज करणारा शंकूसारखा पडदा, दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबर, फोम किंवा कापडाचं वर्तुळ असतं, त्याला सराउंड म्हणतात. आत, व्हॉइस कॉइलच्या (वीज मिळाली की कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) गळ्याशी, घड्या घातलेली कापडी चकती असते, तो स्पायडर. स्पायडरचं कापड राळेत बुडवून, गरम साच्यात दाबून आकाराला आणलेलं असतं. नवं असताना ते कडक असतं. कोन पुढेमागे हलू लागला की राळेचे सूक्ष्म बंध तुटतात, धागे मोकळे होतात आणि सराउंड व स्पायडर मिळून होणारी सगळी झोळी थोडी सैल पडते. रबराचंही तसंच. काजळी घातलेलं रबर पहिल्यांदा ताणलं की मऊ पडतं, आणि या गुणाला मलिन्स परिणाम असं नावही आहे. म्हणजे ब्रेक-इन ही निव्वळ विक्रेत्यांची दंतकथा नाही. मापन यंत्रावर ते स्वच्छ दिसतं.

आता ते किती दिसतं ते पाहू. वूफरची एक स्वतःची अनुनादाची वारंवारता असते, म्हणजे ज्या सुराला तो आपसूक सर्वांत जास्त डोलतो तो सूर; ती हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, अशी मोजतात. झोळी सैल झाली की ती खाली येते. नव्या आणि वापरलेल्या वूफरमध्ये तिचा ५ ते १५ टक्के फरक सहज सापडतो, कडक झोळीच्या वूफरमध्ये कधी त्याहून जास्तही. आकडा ऐकून वाटतं, अरे, हे तर बरंच आहे! पण वूफर हवेत लोंबकळत वाजत नाही, तो पेटीत बसलेला असतो. पेटीतली कोंडलेली हवा हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि लहान पेटीत ती झोळीपेक्षा बरीच ताठ असते.

एक हिशेब करून दाखवतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. समजा, वूफरची मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता ४० हर्ट्झ आहे, त्याच्या झोळीची लवचीकता ३० लिटर हवेइतकी आहे आणि तो १० लिटरच्या बंद पेटीत बसवलाय. नवा असताना पेटीसकट अनुनाद पडतो ८० हर्ट्झवर. आता झोळी २० टक्के सैल झाली असं धरा. वूफर एकटा मोजला तर ४० चे साडेछत्तीस झालेले दिसतील. आणि पेटीसकट? ८० चे जेमतेम ७८. झोळी सैल झाली तरी हवेची स्प्रिंग होती तशीच राहते, आणि तुमच्या कानापर्यंत येणारा आवाज मुख्यतः त्या हवेच्या मर्जीने चालतो. सुट्या वूफरचे आलेख दाखवून ‘बघा केवढा फरक’ म्हणणारे लोक पेटीचा विषय सहसा काढत नाहीत. पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक) असलेल्या पेटीचा हिशेब वेगळा असतो, पण कल तोच.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. झोळीचा ताठपणा आवाजावर राज्य करतो तो फक्त अनुनादाच्या आसपास आणि त्याच्या खाली. त्याच्या वर गेलं की कोनाचं वजन, त्याचा आकार, क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करून वाटून देणारं सर्किट) आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) यांचा कारभार सुरू होतो. तुम्हाला जे टोचतंय ते बहुधा ३ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असणार, कारण कान तिथेच सर्वांत हळवा असतो. वूफरची झोळी २०० तास काय, २००० तास सैल करत बसलात तरी तिथल्या आवाजात जवळजवळ काहीच बदलणार नाही. क्रॉसओव्हर जसा बनवलाय तसाच राहणार, आणि पेटीच्या कडांवरून होणारी परावर्तनंही तशीच राहणार. ‘टोचणारा ट्रेबल वाजून वाजून मऊ होईल’ हे आश्वासन म्हणूनच मला सर्वांत कच्चं वाटतं.

आणि वेळ? जे सैल व्हायचं त्यातलं बरंचसं पहिल्या काही मिनिटांत होऊन जातं आणि उरलेलं काही तासांत. कारखान्यातून निघण्याआधी स्पीकरला तपासणीचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सलग सूर) दिलेला असतो, त्यातही थोडं होतं. २०० हा आकडा कुठून आला म्हणाल तर माझा एक खोडसाळ तर्क आहे: तो परत करायच्या मुदतीपेक्षा मोठा असतो, एवढाच त्याचा खरा गुण. यात आणखी एक गंमत आहे. सैल झालेली झोळी विश्रांती मिळाली की थोडी पुन्हा आकसते. मी रात्रभर हलवलेला वूफर लगेच मोजतो आणि आठवड्याने पुन्हा मोजतो. दोन आकडे तंतोतंत जुळलेत असं क्वचित होतं. राळेचे तुटलेले बंध परत जुळत नाहीत, पण रबराचा काही भाग मूळ जागी येतो.

याहून मोठे बदल तर रोज होतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. थंडीत रबर ताठ होतं. काही ट्वीटरमध्ये चुंबकाच्या फटीत तेलासारखा चुंबकीय द्रव असतो, तोही थंडीत घट्ट होतो. म्हणून गारठलेला खोका घरात आल्यावर स्पीकर काही तास नुसते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत, हा माझा कायमचा नियम आहे. उलट बाजूने बघा. मोठ्या आवाजात वाजवताना व्हॉइस कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध २० टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि आवाज दीड डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) बसतो. गार झाली की सगळं पूर्वपदावर येतं. त्याला ब्रेक-इन म्हणता येणार नाही.

सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, हेही मान्य करायला हवं. कुणी सुटा वूफर घेऊन स्वतः पेटी बांधत असेल तर मी आग्रहाने सांगतो की आधी तो काही तास हलवा आणि मगच त्याची थील-स्मॉल मापं (पेटीचं गणित मांडायला लागणारे वूफरचे आकडे) घ्या, नाहीतर पेटीचं गणित कोऱ्या झोळीवर बेतलं जाईल. गिटार अँप्लिफायरच्या स्पीकरमध्ये कागदी कोनाचीच कड घड्या घालून सराउंड म्हणून वापरलेली असते. ती ताठ असते, आणि गिटारवाले ‘स्पीकर रुळला’ म्हणतात त्यात तथ्य आहे. ग्रामोफोनच्या नव्या कार्ट्रिजमध्ये (सुई धरणाऱ्या भागात) सुईचा दांडा रबराच्या छोट्या तुकड्यावर तोललेला असतो, तोही सुरुवातीच्या काही तासांत थोडा सैल होतो. तुमचे स्पीकर यांपैकी कशातच बसत नाहीत.

मग लोक शपथेवर सांगतात की महिन्याभरात आवाज बदलला, ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. त्यांना खरोखर बदल ऐकू येतो. फक्त बदललेली वस्तू दुसरीच असते.

नवा बूट चावतो आणि आठवड्याने चावायचा थांबतो, तेव्हा थोडं चामडं सैल झालेलं असतं आणि थोडा पाय निबर झालेला असतो. स्पीकरच्या बाबतीत बहुतेक काम कान करतो. जुन्या स्पीकरचा आवाज हा तुमच्या कानाचा ‘बरोबर’ आवाज होऊन बसलेला असतो. त्यात ट्रेबल दबलेला असेल तर कुठलाही सरळ स्पीकर पहिल्या दिवशी टोचणार. आठ-दहा दिवसांत कान नव्याला रुळतो. याची परीक्षा फार सोपी आहे: दोन आठवड्यांनी जुने स्पीकर परत जोडा. ते आता घोंगडीखालून वाजल्यासारखे वाटले, तर समजा की या काळात कान बदललाय. जुने स्पीकर तर कपाटातच होते.

डोळ्यांचाही यात हात असतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी संशोधकांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकवले. उघड्यावर दिलेले गुण आणि पडद्याआड दिलेले गुण जुळले नाहीत. त्यांतले पुष्कळ श्रोते अनुभवी होते, तरी डोळ्यांनी निकाल फिरवला. जिथे आपण पैसे मोजलेत आणि ‘खुलणार’ असं ऐकून वाट बघतोय, तिथे आपलं मन किती तटस्थ राहणार? मी स्वतःलाही यातून वगळत नाही.

आवाजाच्या पातळीची भानगड वेगळीच. मानवी कान हलक्या आवाजात बेस कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले होते. पहिल्या दिवशी आपण नव्या वस्तूला जपून, हळू वाजवतो. चार दिवसांनी भीड चेपते, नॉब थोडा पुढे सरकतो आणि बेस ‘आला’ असं वाटतं. दोन वेळा ऐकलेल्याची तुलना करायची तर पातळी डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळलेली हवी. नॉब अंदाजाने फिरवून ती जुळत नाही.

तर इथवरचं एका दमात सांगायचं झालं तर: झोळी सैल होते, पण ते लवकर होतं, थोडं होतं आणि खालच्या टोकाला होतं. आठवडा-दीड आठवडा लागतो तो कानाला. आता तुमच्या दोन तक्रारींकडे वळतो, कारण दोन्हींमागे ब्रेक-इनशी संबंध नसलेली, हातोहात तपासता येण्यासारखी कारणं असू शकतात.

पोकळ बेस ऐकला की मी पहिल्यांदा तारा बघतो. माझ्याकडे एकदा एक जण जोडी घेऊन आला होता. तीन आठवडे वाट बघून थकला होता, बेस काही येईना. एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या होत्या, लाल काळ्यात आणि काळी लालमध्ये. असं झालं की एक वूफर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग खालचे सूर एकमेकांना खातात आणि गायक मधोमध उभा न राहता डोक्याभोवती पसरतो. दोन मिनिटांचं काम होतं, आणि बिचारा एकवीस दिवस स्पीकर ‘खुलायची’ वाट बघत बसला होता. तुम्हीही आधी हेच तपासा. मोनो आवाज लावा, म्हणजे एखाद्याचं नुसतं बोलणं. बरोबर मध्ये बसा. आवाज दोन स्पीकरच्या ऐन मधून आला पाहिजे.

तारा बरोबर असतील तर जागा. स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीपासून वूफर १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला छेद देते आणि नेमका बेसचा गाभा जातो. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झची लाट अशी उभी राहते की खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला ती ऐकूच येत नाही, आणि ऐकणारा आपल्या पाठीमागच्या भिंतीला टेकून बसला तर त्याच्यावर तिचा मारा होतो. स्पीकर एक वीत मागे सरकवून, खुर्ची हातभर पुढेमागे करून बघा. वीतभर सरकवल्याने होणारा फरक माझ्या अनुभवात कुठल्याही ब्रेक-इनच्या कितीतरी पट मोठा असतो. टोचणाऱ्या ट्रेबलसाठी स्पीकरचं तोंड थेट कानावर रोखलेलं असेल तर ते थोडं बाहेर वळवा, ट्वीटर कानाच्या उंचीला आहे का बघा, आणि उघडी फरशी किंवा मोठी काच समोर असेल तर तिथे काहीतरी जाड अंथरा, नाहीतर टांगा. ‘माझे स्पीकर महिन्यात मऊ झाले’ म्हणणाऱ्यांच्या घरात त्याच महिन्यात नवा गालिचा आलेला मी पाहिलाय.

खरोखरचा दोष असेल तर तो पहिल्याच तासात पकडायचा. हलक्या पातळीवर २० ते २०० हर्ट्झचा संथ स्वीप लावून कान जवळ न्या. खरखर, घासल्याचा आवाज किंवा फडफड ऐकू आली, किंवा एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मंद किंवा वेगळा वाजला, तर ‘रुळेल’ म्हणून अजिबात थांबू नका. वाकडी बसलेली कॉइल वाजून सरळ होत नाही, उलट वाजवत राहिलात तर ती आणखी घासते.

ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही (आणि ठेवू नये, असंच मी म्हणेन) त्यांनी मोजावं. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे त्याचा आलेख, दाखवणारं अ‍ॅप चालेल. फोनचा माइक अचूक नसतो, पण आज आहे तसाच दहा दिवसांनीही असतो, आणि आपल्याला दोन वेळांतला फरकच बघायचाय. माइक वूफरच्या कोनासमोर एका बोटाच्या अंतरावर धरा म्हणजे खोलीचा हस्तक्षेप जवळजवळ संपतो. जागेवर चिकटपट्टीची खूण करा, पातळी तीच ठेवा, खोलीचं तापमानही साधारण सारखं असू द्या. पहिल्या दिवशीचा आलेख जपून ठेवा आणि दहाव्या दिवशीचा त्याच्यावर ठेवून बघा.

हेडफोनचं थोडक्यात उरकतो. त्यातला पडदा इतका पातळ आणि त्याची हालचाल इतकी कमी की पडदा रुळल्याने होणारा बदल हा हेडफोन काढून परत घातल्यावर पडणाऱ्या फरकातच हरवून जातो. मात्र गाद्या खरोखर बदलतात. उबेने आणि दाबाने त्या बसतात, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाच्या जवळ येतो, फट कमी होते आणि बंद हेडफोनमध्ये बेस वाढतो. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडत असेल तर बेस तिथूनच गळतो. चष्मा काढून एकदा ऐकून बघा, मग किती तास वाजवू हा प्रश्नच कदाचित उरणार नाही.

अँप्लिफायर तापून स्थिरावतो, हे खरं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरला काही मिनिटं लागतात, क्लास ए ला (सतत पूर्ण प्रवाह वाहत ठेवणाऱ्या, म्हणून तापणाऱ्या प्रकाराला) अर्धा-पाऊण तास, आणि हे दर वेळी चालू केल्यावर होतं. नवे व्हॉल्व्ह पहिल्या काही दिवसांत थोडे सरकतात, म्हणून बायस (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणारी जुळणी) पुन्हा तपासून घ्यावा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना वीज मिळाल्यावर आतला ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला वेळ लागतो, पण ती जुन्या यंत्राची गोष्ट झाली. केबल रुळते असं कुणी म्हणालं तर मी विषय बदलतो.

राहिला पिंक नॉइजचा प्रश्न. रात्रभर मोठ्या आवाजात लावू नका. वूफर ते बहुधा सोसेल, पण ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते, आणि संगीतात मिळते तशी उसंत तिला नॉइजमध्ये मिळत नाही. हौसच असेल तर बेस असलेलं संगीत नेहमीच्या पातळीवर एक दिवस वाजू द्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून एकाच्या तारा मुद्दाम उलट करतात, त्याने बराच आवाज आपापसात विरतो. पण नंतर तारा पुन्हा सरळ करायला विसरलात तर वर सांगितलेल्या त्या गृहस्थांसारखी गत होईल.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या दिवशी तारा आणि दोष तपासले असते, पुढचे तीन-चार दिवस जागा बदलत राहिलो असतो, आणि मग आठवडाभर काहीही न हलवता ओळखीची गाणी ऐकली असती. बाराव्या दिवशीही तेच टोचत असेल तर स्पीकर परत करा. ते वाईटच असतील असं नाही, पण तुमच्या खोलीला आणि कानाला ते मानवत नाहीत. विकणाऱ्याशी वाद घालायचीही गरज नाही. तो इतकाच ठाम असेल तर मुदत ६० दिवसांची करून लेखी दे म्हणावं. आणि तोवर खोका, आतलं थर्मोकोल आणि पिशव्या जशाच्या तशा जपून ठेवा.